टायर फुटला म्हणे! मग रबर कुठं गेलं?

"शंभरच्या वर होता भाऊ तो. उडतच आला. मी माह्या डोळ्यानं पाहिलं ना!"

कोराडी नाक्याच्या अलीकडच्या चहाच्या टपरीवरचे काका मला हे सांगत होते. समोर रस्त्यावर एक बाईक आडवी पडली होती, कारचं पुढचं दार आत गेलं होतं आणि बाईकवाल्या मुलाला हात धरून कुणीतरी ऑटोत बसवत होतं. मी वही काढली. मास कॉममध्ये शिकताना इंटर्नशिप करणाऱ्या माणसाच्या खिशात वही असतेच. पाच जणांशी बोललो. काका म्हणाले शंभर. ऑटोवाले दादा म्हणाले, "ऐंशी तरी असंन." भाजी घेऊन निघालेल्या काकूंचं मत होतं की कारवाल्यानंच कट मारला. कॉलेजच्या दोन पोरांचं एकमेकांशी पटत नव्हतं. पाच साक्षीदार, पाच अपघात.

मग शेजारच्या मोबाइल दुकानदाराने त्याच्या सीसीटीव्हीचं फुटेज दाखवलं. बाईक पडद्यावर विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जाताना स्वच्छ दिसत होती. आम्ही फ्रेम मोजल्या. सेकंदाला २५ फ्रेमच्या त्या कॅमेऱ्यात बाईकला ६० फ्रेम लागल्या, म्हणजे २.४ सेकंद. खांबांमधलं अंतर मी पावलांनी मोजलं, अंदाजे ३० मीटर. ३० भागिले २.४, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. त्याला ३.६ ने गुणा. ताशी ४५ किलोमीटर.

माझी पावलं काही मोजपट्टी नाहीत. दोन मीटर इकडेतिकडे धरले तरी उत्तर ४२ ते ४८ च्या मध्ये येतं. शंभर काही केल्या येत नाही. शंभरच्या वेगात ते अंतर जेमतेम २७ फ्रेममध्ये संपलं असतं.

आता प्रश्न असा, की काका खोटं बोलत होते का? अजिबात नाही. आणि आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

डोळे आधी वळतात की आवाज आधी येतो?

तुम्ही आजवर पाहिलेला एखादा अपघात आठवा. खरंच *धडक* पाहिली होती, की धडकेचा आवाज ऐकून मान वळवली होती? बहुतेक वेळा दुसरंच घडतं. काका चहा गाळत होते. "धाड" असा आवाज आला आणि त्यांनी वर पाहिलं. म्हणजे त्यांनी प्रत्यक्ष पाहिली ती धडकेनंतरची बाईक. धडकेआधीचा वेग त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता. ती मोकळी जागा मेंदूने भरली, आणि भरताना मोठ्या आवाजाला मोठा वेग जोडून दिला.

त्यात आवाज उशिरा पोचतो तो वेगळाच. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. कोराडीच्या तलावापलीकडे कुणी दगडावर कपडा आपटला, तर हात खाली आलेला आधी दिसतो आणि "फट्" मागून ऐकू येतं. १७० मीटरवर अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो. ताशी ६० च्या वेगातली गाडी अर्ध्या सेकंदात आठ मीटरपेक्षा जास्त पुढे गेलेली असते. लांबून पाहणारा माणूस "आवाज झाला तेव्हा गाडी इथं होती" असं शपथेवर सांगतो, तेव्हा ती खरं तर दोन कारच्या लांबीइतकी मागे असू शकते.

आणि हे झालं फक्त कानाडोळ्यांचं. आठवणीचं प्रकरण तर अजून अवघड आहे.

१९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी ४५ विद्यार्थ्यांना, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांनाच, गाड्यांच्या टकरीच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्न एकच होता, फक्त त्यातलं क्रियापद बदललं. "गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा" असं विचारलं, तेव्हा सरासरी उत्तर आलं ताशी सुमारे ६५ किलोमीटर. "एकमेकींना लागल्या तेव्हा" असं सौम्यपणे विचारलं, तेव्हा सुमारे ५१. फिल्म त्याच. एका शब्दाने वेग १४ किलोमीटरने वाढला!

दुसऱ्या प्रयोगात त्यांनी १५० विद्यार्थी घेतले आणि आठवड्यानंतर विचारलं, "फुटलेल्या काचा पाहिल्या का?" फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. तरी "आदळल्या" शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले. साधं "धडकल्या" ऐकलेल्यांपैकी ७.

हे वाचलं आणि मी माझी वही पुन्हा उघडली. टपरीवर मी काकांना विचारलेला पहिला प्रश्न त्यात लिहिलेला होता: "काका, किती जोरात आदळला तो?"

म्हणजे शंभरमधले काही किलोमीटर माझेच होते.

समृद्धीवरची ती रात्र

टपरीसमोरचा अपघात लहान होता. मुलाचा हात मोडला, तो बरा होईल. पण साक्षीदाराच्या एका वाक्यावर पूर्ण राज्याची चर्चा फिरते, तेव्हा काय होतं ते आपण नागपूरकरांनी जवळून पाहिलंय.

३० जून २०२३ च्या संध्याकाळी नागपूरहून एक खासगी बस पुण्याला निघाली. शिकायला, नोकरीला निघालेली तरुण मुलं त्यात होती. मध्यरात्र उलटल्यावर, १ जुलैला दीडच्या सुमारास, बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात ही बस समृद्धी महामार्गावर आधी एका लोखंडी खांबाला धडकली, मग दुभाजकाला आपटून उलटली आणि पेटली. बसमध्ये ३३ जण होते. २५ जणांचा जीव गेला, आठ वाचले.

वाचलेल्यांमध्ये चालक होता. त्याचं सांगणं सकाळपर्यंत सगळीकडे पोचलं: टायर फुटला आणि गाडीवरचा ताबा सुटला.

हे पटण्यासारखं होतं, हे आधी मान्य करू. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला होता. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सिमेंटचा तापलेला रस्ता, घासलेले टायर आणि तासन् तास एकाच वेगात पळणाऱ्या गाड्या यावर भरपूर बोललं गेलं होतं. टायर तपासणीही सुरू झाली होती. त्यामुळे "टायर फुटला" हे ऐकल्यावर आपण सगळ्यांनी मान डोलावली. व्हॉट्सअॅपवर नायट्रोजन भरा, टायर बदला असे सल्ले फिरू लागले.

पण पटण्यासारखं असणं वेगळं आणि घडलेलं असणं वेगळं. इथे भौतिकशास्त्र एक साधा प्रश्न विचारतं: *असं घडलं असेल, तर रस्त्यावर काय उरायला हवं?*

चला, आपणच विचार करू. भरधाव बसचा पुढचा टायर फुटला असं समजा. टायर फुगा नसतो. तो रबर आणि तारांच्या थरांचा बनलेला असतो. फुटल्यावर त्याच्या चिंध्या होतात आणि त्या मागे सुटतात. बसचा वेग ताशी ६३ किलोमीटर धरला (हा आकडा का, ते पुढे येईलच), तर तो सेकंदाला साडेसतरा मीटर होतो. टायर फुटल्यापासून खांबाला धडकेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले असतील, तर तेवढ्या वेळात बसने ३५ ते ५३ मीटर रस्ता कापला. कबड्डीच्या तीन-चार मैदानांएवढ्या या पट्ट्यात तीन गोष्टी दिसायला हव्यात.

पहिली, रबराचे तुकडे. दुसरी, हवा गेलेला टायर घासत गेल्याची पसरट, वेडीवाकडी खूण, आणि रिम खाली टेकली असेल तर सिमेंटवर ओरखडे. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे या सगळ्याची *जागा*. खुणा खांबाच्या *आधीपासून* सुरू व्हायला हव्यात. त्या खांबाच्या पुढे सुरू होत असतील, तर टायर धडकेमुळे फुटला, टायरमुळे धडक झाली नाही. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल अशी रस्त्यावरच पकडता येते.

अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने जागेची पाहणी करून अहवाल दिला. घटनास्थळी रबराचे तुकडे किंवा टायरच्या खुणा मिळाल्या नाहीत, सबब टायर फुटून अपघात झाल्याची शक्यता नाही, असा त्याचा सूर होता. मग संशयाची सुई डुलकीकडे वळली. पुढे न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या तपासणीत चालकाच्या रक्तात अल्कोहोल आढळल्याचंही समोर आलं. दोष कुणाचा आणि किती, हे ठरवायला न्यायालय आहे. आपला मुद्दा तेवढ्यापुरताच: एक साक्ष होती, आणि रस्ता तिला दुजोरा देत नव्हता.

चालकाने मुद्दाम खोटं सांगितलं असेल का? असेलही. अपघातात ज्याच्यावर दोष येऊ शकतो, तो तटस्थ साक्षीदार नसतो. पण दुसरी शक्यताही लक्षात ठेवा. पेंगलेल्या माणसाला जाग येते ती मोठ्या आवाजाने. तो आवाज खांबाचा असतो, पण मेंदूला तो टायरचा वाटू शकतो, आणि मग माणूस अगदी प्रामाणिकपणे सांगतो की आधी आवाज झाला, मग ताबा सुटला. मजा ही आहे की रस्त्याला विचारताना चालक खरं बोलतोय की खोटं, हे आधी ठरवावंच लागत नाही.

'सुसाट' हा आकडा नाही

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट ऐकू येत होती: बस सुसाट असणार. ही बाजूही तपासूच, कारण हे शास्त्र फक्त चालकाच्या विरोधात वापरायचं हत्यार नाही.

बस रात्री ११ वाजून ८ मिनिटांनी कारंजाजवळ समृद्धीवर चढल्याची नोंद होती. अपघात झाला १ वाजून ३२ मिनिटांनी. अंतर १५२ किलोमीटर, वेळ २ तास २४ मिनिटं. भागाकार तुम्हीच करा. सरासरी वेग ताशी ६३ किलोमीटरच्या थोडा वर येतो. समृद्धीवर हा वेग 'सुसाट' म्हणायच्या लायकीचा नाही.

पण थांबा. इथेही घाई नको. सरासरी म्हणजे त्या क्षणाचा वेग नव्हे. बस मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबली असेल तर उरलेल्या वेळात ती जास्त वेगात होती. सरासरीवरून खात्रीने एवढंच सांगता येतं, की प्रवासात कधी ना कधी बस किमान ६३ च्या वेगात होती. शेवटच्या मिनिटाला किती होती, हे ती सांगत नाही. मात्र "पूर्ण रस्ताभर शंभर-सव्वाशेने हाणत होता" असं कुणी म्हणालं, तर ते हा भागाकार तिथल्या तिथे खोडून काढतो.

आणि ६३ हा वेग कमी वाटत असेल तर हे पाहा. या वेगात तीन सेकंद डोळे मिटले, तर बस ५३ मीटर आंधळी जाते. सरळसोट, एकसुरी रस्त्यावर रात्री दीड वाजता तीन सेकंद म्हणजे काहीच नाही. समृद्धीवरच्या अपघातांचा अभ्यास करताना आपल्या व्हीएनआयटीतल्या अभ्यासकांनीही या एकसुरीपणामुळे येणाऱ्या गुंगीकडे लक्ष वेधलं होतं.

पालघरचे पाच सेकंद

सरासरी आणि क्षणाचा वेग यांतला फरक त्याच्या आदल्याच वर्षी एका अपघातात दिसला होता. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली आणि त्यांचा मृत्यू झाला. चारोटीच्या नाक्यावरच्या कॅमेऱ्यात गाडी दिसल्यानंतर तिने २० किलोमीटर ९ मिनिटांत कापले, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. सरासरी ताशी १३३. पुढे मोटारीतल्या यंत्रणेची नोंद कंपनीने पोलिसांना दिली: धडकेच्या पाच सेकंद आधी वेग १००, धडकेच्या क्षणी ८९.

या दोन आकड्यांत भांडण नाही. एक आकडा नऊ मिनिटांबद्दल बोलतो, दुसरा पाच सेकंदांबद्दल. पण त्या पाच सेकंदांतही एक गोष्ट दडलीय. कोरड्या रस्त्यावर चांगल्या मोटारीचा ब्रेक पूर्ण दाबला तर तिचा वेग दर सेकंदाला साधारण ७ मीटर प्रतिसेकंदाने, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने, कमी होतो. १०० च्या वेगातली मोटार अशी चार सेकंदांच्या आसपास थांबते. इथे पाच सेकंदांत वेग उतरला फक्त ११ ने. पूर्ण ब्रेकला एवढ्यासाठी अर्धा सेकंद पुरतो. म्हणजे ब्रेक लागला तो एकतर हलका, नाहीतर अगदी शेवटच्या क्षणी. मागे बसलेल्या दोघांनी सीटबेल्ट लावला नव्हता. गाडी थांबली, पण ते ८९ च्याच वेगात पुढे गेले. न्यूटनचा पहिला नियम मागच्या सीटला सूट देत नाही. कॅबमध्ये मागे बसताना हे आठवा.

मग साक्षीदार नकोच?

हवाच! भौतिकशास्त्राचीही एक हद्द आहे. रस्ता सांगतो की टायर आधी फुटला नाही. चालक का भरकटला, त्याची झोप किती दिवसांची राहिली होती, मालकाने त्याला विश्रांती दिली होती का, हे रस्ता सांगत नाही. ते माणसंच सांगतात. बस दाराच्या बाजूवर उलटली म्हणून दार बंद झालं आणि जे वाचले ते काच फोडून बाहेर पडले, हे आपल्याला वाचलेल्यांनीच सांगितलं.

पण कारण चुकलं तर धडाही चुकतो. "टायर फुटला" यावर आपण थांबलो असतो, तर उपाय झाले असते फक्त हवा आणि रबराचे. चालकाच्या झोपेचा, त्याच्या कामाच्या तासांचा आणि बसमधल्या आपत्कालीन खिडकीचा प्रश्न कुणी विचारलाच नसता. आपल्यापैकी कितीतरी जण दर सुट्टीनंतर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जातात. त्या सीटवर उद्या आपणच असतो.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्यासमोर काही घडलं, तर जखमीला आधी मदत करा. नंतर कुणी विचारलं, तर *पाहिलेलं* आणि *वाटलेलं* वेगवेगळं सांगा. "जोरात होता" यापेक्षा "आवाज आल्यावर मी वळून पाहिलं, तेव्हा बाईक खांबापाशी पडलेली होती" हे वाक्य शंभरपट कामाचं आहे. फोटो काढायचाच असेल तर रक्ताचा नको. टायरच्या खुणांचा, काचेच्या तुकड्यांचा काढा, शेजारी खांब किंवा दुभाजक दिसेल असा. आणि आसपासच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर पोलिसांना लगेच सांगा. जुनं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

टपरीवरचा तो दुकानदार फुटेज घेऊन स्वतः चौकीत गेला. बरं झालं. नाहीतर "शंभरच्या वर" हे पाच माणसांचं मत त्या मुलाच्या कागदावर चढलं असतं, आणि विम्यापासून कोर्टापर्यंत ते त्याच्या मागे फिरलं असतं. चूक त्याची होती की कारवाल्याची, ते अजून ठरायचंय. निदान आकडा तरी खरा लागेल.

काका मात्र अजून शंभरवरच आहेत. परवा चहा प्यायला गेलो तर पुन्हा तेच. मी म्हटलं, "काका, त्या दोन खांबांमध्ये तीस मीटर हाये. आता जी बाईक येईल तिचे सेकंद मोजू." मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. काकांनी नजरेनं वेग सांगायचा, मी भागाकार करायचा. पहिल्या बाईकला काका म्हणाले सत्तर, आकडा आला बेचाळीस. दुसरीला म्हणाले साठ, आला अडतीस.

तिसरी बाईक लांबून दिसली तेव्हा काकांनी गाळणी खाली ठेवली अन् म्हणाले, "थांब बे, आधी घड्याळ लाव. मंग सांगतो."